हाताच्या पाठीवरचे ठिपके आणि बेडकाची अंडी

ज्यांना ऐकण्यापेक्षा वाचणं सोयीचं पडतं, त्यांच्यासाठी नेहमीप्रमाणे हा भाग लिहूनही देतोय. बोलतानाचे 'तर' आणि 'म्हणजे' जरा कमी केलेत, सगळे काही गेलेले नाहीत.

आजचा विषय तुमच्याच फर्माइशीचा. कोविडच्या लसीवरच्या भागात मी सांगितलं होतं की लसीतल्या आरएनएचं एक अक्षर मुद्दाम रासायनिकरीत्या बदललेलं असतं. त्यावर बऱ्याच जणांनी विचारलं, की हे अक्षर बदलणं शरीरात आपोआप पण होतं का? आणि ते बिघडलं तर काय होतं? याचं उत्तर मेंदूपासून रक्तापर्यंत कुठूनही सांगता येईल. पण मला ते त्वचेवरून सांगायचंय. कारण ते बिघडल्याची एक पक्की खूण माणसाच्या अंगात सापडली, ती हाताच्या पाठीवर. बाहेरून, डोळ्यांना दिसणारी. आणि ती खूण वैद्यकशास्त्राच्या पुस्तकात सुमारे नव्वद वर्षं नोंदलेली होती, पण तिचा अर्थ कोणाला लागत नव्हता.

आजाराचं नाव मोठं अवघड आहे. डिस्क्रोमॅटोसिस सिमेट्रिका हेरेडिटेरिया. फोड करून बघू. डिस्क्रोमॅटोसिस म्हणजे रंगाची गडबड. सिमेट्रिका म्हणजे डावी-उजवीकडे सारखी. हेरेडिटेरिया म्हणजे घराण्यातून आलेली. मी पुढे याला नुसतं 'ठिपक्यांचा आजार' म्हणणार आहे, नाहीतर हा भाग दोन तासांचा होईल.

यात होतं काय, तर लहानपणी, बहुतेक वेळा सहाव्या वर्षाच्या आत, हातापायांच्या वरच्या बाजूला बारीक ठिपके दिसायला लागतात. काही ठिपके आजूबाजूच्या त्वचेपेक्षा गडद, काही फिके, आणि दोन्ही एकमेकांत मिसळलेले. तळहात-तळपाय सहसा स्वच्छ राहतात. चेहऱ्यावर तिळासारखे बारीक डाग येऊ शकतात. उन्हाने ते जास्त उठून दिसतात. मूल मोठं होईपर्यंत ठिपके वाढतात आणि मग बहुतेक आहेत तसे आयुष्यभर राहतात. खाज नाही, दुखणं नाही. आई-वडिलांपैकी एकाला असेल तर प्रत्येक मुलाला होण्याची शक्यता निम्मी. बस, एवढंच. म्हणजे बहुतेकांच्या बाबतीत एवढंच. ज्यांच्या बाबतीत एवढ्यावर थांबलं नाही त्यांच्याकडे आपण येणारच आहोत.

जपानमध्ये तोयामा नावाच्या डॉक्टरांनी १९१० मध्ये याची नोंद केली आणि १९२९ मध्ये त्याला हे लांबलचक नाव दिलं. जपानी त्वचारोगशास्त्राचे मोठे प्राध्यापक दोही यांच्या नावानेही तो ओळखला जातो. आता तुम्ही म्हणाल, ठिपक्यांना नाव देऊन कोणाचं काय भलं झालं? मला वाटतं, झालं. थोडा काळ बघा. जपानमध्ये १९०७ साली कुष्ठरोगाचा कायदा आला. त्या कायद्याने रस्त्यावर फिरणाऱ्या कुष्ठरुग्णांना वेगळ्या वस्त्यांमध्ये नेऊन ठेवायला सुरुवात झाली. पुढे कायदा आणखी कडक होत गेला आणि तो पूर्ण रद्द व्हायला १९९६ साल उजाडलं. अशा देशात हातावर फिके डाग असलेल्या माणसाला 'हा तो रोग नाही, याने कोणाला काही होत नाही, हे घराण्यातलं आहे' असं कागदावर लिहून मिळणं ही लहान गोष्ट नव्हती, असा माझा अंदाज आहे.

आणि आपल्याला हे समजायला जपानला जायची गरज नाही. आपल्याकडे कोडाला अजूनही काही लोक 'श्वेतकुष्ठ' म्हणतात. कोड वेगळं, कुष्ठरोग वेगळा, दोघांचा एकमेकांशी काही संबंध नाही, पण त्या एका शब्दामुळे किती मुलींची लग्नं अडली असतील याचा हिशोब कोणी ठेवलेला नाही. पांढरा डाग दिसला की आपल्याकडे आधी कुजबुज होते, डॉक्टर नंतर येतो. असो. पुढे जाऊ.

तर १९१० पासून या ठिपक्यांना नाव होतं, कारण माहीत नव्हतं. आता ही गोष्ट इथेच ठेवा आणि माझ्याबरोबर अमेरिकेत चला, १९८० च्या दशकात. तिथे त्वचा नाही, बेडूक आहेत.

पण त्याआधी दोन मिनिटं आरएनए. डीएनए म्हणजे मूळ ग्रंथ, आणि आरएनए म्हणजे त्यातून हव्या त्या पानाची काढलेली प्रत, हे तुम्ही शाळेत शिकलात. आरएनएची अक्षरं चार: ए, यू, जी, सी. दोन पट्ट्या समोरासमोर आल्या की ए आणि यू जोडी जमवतात, जी आणि सी जोडी जमवतात. शाळेत इथे धडा संपतो. खरी गंमत इथून पुढे आहे. आपल्या लिपीत नुसतं 'क' असतं का? काना येतो, वेलांटी येते, अनुस्वार येतो. 'दिन' आणि 'दीन' मध्ये वेलांटीचाच काय तो फरक, पण अर्थ कुठल्या कुठे. आरएनएच्या अक्षरांवरही पेशी अशा काना-मात्रा चढवते. पहिली मात्रा १९५० च्या दशकाच्या सुरुवातीला सापडली, स्यूडोयुरिडीन नावाची. लसीत वापरतात ते अक्षर तिचंच भावंड. आज अशा दीडशेहून जास्त मात्रा माहीत आहेत.

यातली एक मात्रा आजची नायिका आहे. ए या अक्षराचा एक नायट्रोजनवाला गट काढायचा आणि तिथे ऑक्सिजन बसवायचा. झालं. या नव्या अक्षराचं नाव इनोसिन. पेशीचं वाचनयंत्र इनोसिनला जी समजून वाचतं. आणि यू बरोबरची त्याची जोडी काही नीट जमत नाही, ती सैल होते. हे दोन्ही मुद्दे लक्षात ठेवा, दोन्ही लागणार आहेत.

इनोसिन तुम्ही बहुतेक सगळ्यांनी खाल्लेलंही आहे बरं का. चिप्सच्या पाकिटामागे 'फ्लेवर एन्हान्सर ६२७, ६३१' असं बारीक अक्षरात लिहिलेलं असतं. ते ६३१ म्हणजे इनोसिनचाच फॉस्फेट असलेला क्षार. १८४७ मध्ये लीबिग या जर्मन रसायनशास्त्रज्ञाने मांसाच्या रश्श्यातून त्याचं आम्ल वेगळं काढलं, आणि १९१३ मध्ये जपानच्या कोदामांनी दाखवलं की सुकवलेल्या बोनिटो माशाच्या पाण्याला जी खास चव येते तीही त्याचीच. मध्यंतरी '६३१ म्हणजे डुकराची चरबी' असा एक व्हॉट्सॲप फॉरवर्ड घरोघरी फिरत होता. ते कशापासून बनवतात हा प्रश्न वेगळा, पण चरबी तर ते नक्कीच नाही. तुमच्या कुटुंबाच्या ग्रुपवर टाकून द्या.

आता बेडूक. अमेरिकेतल्या सिएटलमध्ये, फ्रेड हचिन्सन कर्करोग संशोधन केंद्रात हॅरॉल्ड वाइनट्रॉब नावाचे शास्त्रज्ञ होते. त्यांच्याकडे पीएचडीनंतरचं काम करायला ब्रेंडा बास आल्या होत्या. त्या काळी एक युक्ती फार गाजत होती. एखादं जनुक बंद पाडायचं असेल तर त्याच्या आरएनएला तंतोतंत जुळणारी उलटी पट्टी पेशीत टोचायची. दोन्ही पट्ट्या एकमेकींना चिकटतात, प्रत वाचता येत नाही, जनुक मुकं. झेनोपस या आफ्रिकन बेडकाच्या कच्च्या अंडपेशीत ही युक्ती चालत होती. पण फलित अंड्यात, गर्भात टोचलं की फसत होती. चिकटलेल्या पट्ट्या सुटून जात होत्या!

१९८७ मध्ये बास आणि वाइनट्रॉब यांनी, आणि त्याच वेळी स्वतंत्रपणे रेबाग्लियाटी आणि मेल्टन या जोडीने हे छापलं. दोघांचाही निष्कर्ष असा, की बेडकाच्या गर्भात आरएनएच्या दुहेरी पट्ट्या उलगडणारं काहीतरी आहे. साधी गोष्ट. पिळलेल्या दोरीचे पदर सोडवणारं एखादं प्रथिन असेल, असंच कोणालाही वाटेल.

पण बास इथे थांबल्या नाहीत, आणि या सगळ्या इतिहासातली मला सर्वात आवडणारी जागा ही आहे. त्यांच्या लक्षात आलं की सुटलेल्या पट्ट्या पुन्हा एकत्र आणल्या तरी पूर्वीसारख्या चिकटत नाहीत. आता दोरीचे पदर नुसते सोडवले असते तर परत पिळ घालता आला असता की! येत नाही म्हणजे पदरच बदललेत. १९८८ मध्ये त्यांनी दाखवलं की पट्ट्यांमधले बरेचसे ए बदलून इनोसिन झालेले आहेत. जोड्या सैल झाल्या म्हणून पट्ट्या सुटल्या. उलगडणं हा परिणाम होता, खरं काम अक्षर बदलण्याचं चाललं होतं. पुढच्याच वर्षी फिलाडेल्फियाच्या विस्टार इन्स्टिट्यूटमध्ये काझुको निशिकुरा यांच्या गटाने सस्तन प्राण्यांच्या पेशींतही हेच होतं हे दाखवलं, आणि १९९४ मध्ये त्यांनीच या कामाच्या विकराचं माणसातलं जनुक हाती आणलं. आज त्याला एडार-१ म्हणतात. वाइनट्रॉब यांना पुढचं फार बघायला मिळालं नाही. १९९५ मध्ये मेंदूतल्या गाठीने ते गेले, पन्नाशीही पूर्ण झाली नव्हती.

विकर सापडला, पण तो आहे कशासाठी? नव्वदीच्या दशकातलं उत्तर होतं, शब्द बदलण्यासाठी. त्याला कारणही होतं. १९९१ मध्ये जर्मनीत पीटर झीबर्ग यांच्या गटाला मेंदूतल्या एका महत्त्वाच्या प्रथिनाच्या आरएनएत असाच एक ए बदललेला सापडला होता. तो नेमका बदल झाला नाही तर उंदराची पिल्लं झटके येऊन काही आठवड्यांत मरतात. त्यामुळे सगळ्यांची नजर मेंदूकडे. आरएनएचा संपादक, मूळ ग्रंथ तोच ठेवून प्रतीत सुधारणा करणारा. छान चित्र आहे, आणि ते काम दुसरा विकर, एडार-२, खरोखरच करतो. पण एडार-१ ला ते चित्र बसत नव्हतं. उंदरातून एडार-१ काढून टाकला तर पिल्लू जन्मालाच येत नव्हतं, बाराव्या दिवसाच्या सुमाराला आईच्या पोटातच मरत होतं. एखादा शब्द चुकला म्हणून एवढं? कोणता शब्द? कोणालाच सापडेना.

आणि मग २००३. नागोया विद्यापीठातल्या त्वचारोग विभागात मियामुरा, सुझुकी, तोमिता आणि त्यांचे सहकारी त्या जुन्या ठिपक्यांच्या मागे लागले होते. त्यांच्या मनात ना बेडूक होते, ना इनोसिन. त्यांच्याकडे होती जपानी कुटुंबं. आजोबांना ठिपके, मुलीला ठिपके, एका नातवाला आहेत आणि दुसऱ्याला नाहीत. तीन कुटुंबांचे रक्ताचे नमुने घेऊन त्यांनी गुणसूत्रांवर शोध सुरू केला, की ठिपके असलेल्यांमध्ये सारखा आणि नसलेल्यांमध्ये वेगळा असा तुकडा कोणता. तो पहिल्या गुणसूत्रावर एका ठिकाणी सापडला. मग त्या तुकड्यातली जनुकं तपासायची. आणि चार कुटुंबांत चार वेगवेगळे बिघाड, पण सगळे एकाच जनुकात. एडार-१.

जरा थांबून विचार करा. बेडकाच्या गर्भात उलट्या पट्ट्या का सुटतात, या प्रश्नातून निघालेली वाट येऊन पोचली कुठे, तर हाताच्या पाठीवर. आरएनएवरच्या मात्रेतला बिघाड आणि घराण्यात उतरणारा त्वचेचा आजार यांची अशी पक्की गाठ पडली. आज या जनुकातले शंभराहून जास्त बिघाड ठिपक्यांच्या रुग्णांमध्ये नोंदले गेलेत.

पण उत्तराबरोबर एक विचित्र प्रश्न आला. उंदरात दोन्ही प्रती गेल्या तर मृत्यू. माणसात एक प्रत बिघडली तर काय? नुसते ठिपके? म्हणजे इतका महत्त्वाचा विकर, त्याचा पुरवठा निम्म्यावर आला आणि शरीराने तक्रार केली ती फक्त हातापायांवर. आणि उंदरांची एकच प्रत काढली तर त्यांना ठिपकेसुद्धा येत नाहीत. त्यामुळे प्रयोगशाळेतला नेहमीचा मदतनीस इथे कामाचा नाही.

नागोयाच्या गटाने एक अंदाज मांडला. गर्भात रंगपेशींची मुळं पाठीच्या कण्याजवळ जन्मतात आणि तिथून चालत चालत सगळ्या त्वचेत पसरतात. सर्वात लांबचा प्रवास कोणाचा? हातापायांच्या टोकांपर्यंत जाणाऱ्यांचा. वारीत जसं लांबून निघालेल्या दिंडीचे पाय जास्त सुजतात तसं, निम्म्या शिध्यावर निघालेल्या या पेशींपैकी ज्या सर्वात लांब गेल्या त्या बिघडल्या. काही जास्त रंग बनवायला लागल्या, काही कमी. तळहाताच्या मागच्या त्या काळ्या-पांढऱ्या ठिपक्यांचं हे स्पष्टीकरण अजून पूर्ण सिद्ध झालेलं नाही, पण ते ऐकल्यावर तो ठिपका मला नुसता डाग वाटत नाही हे खरं.

आता ज्यांच्या बाबतीत ठिपक्यांवर थांबलं नाही, त्यांच्याकडे येतो. २००६ मध्ये जपानमधूनच एका कुटुंबाची हकिगत छापून आली. त्वचेवर ठिपके होते, एडार-१ मध्ये बिघाड होता, आणि त्याबरोबर हातपाय वाकडे ओढले जाणं आणि बुद्धी ढासळत जाणं हेही होतं. २००८ मध्ये आणखी नोंद झाली, मेंदूत कॅल्शियमचे साठे. त्वचेच्या आजारात मेंदू कुठून आला?

इथे दुसऱ्या खंडातली एक जुनी नोंद कामी आली. १९८४ मध्ये फ्रान्समध्ये आयकार्डी आणि गुतियेर या दोन बालमेंदूतज्ज्ञांनी आठ मुलांचं वर्णन केलं होतं. तान्ही बाळं, चिडचिडी, विकास थांबलेला, मेंदूत कॅल्शियम. सगळं चित्र गर्भात झालेल्या विषाणूच्या संसर्गासारखं. पण विषाणू कुठेच नाही. रक्तात आणि पाठीच्या पाण्यात इंटरफेरॉन मात्र भरलेलं. इंटरफेरॉन म्हणजे विषाणू आल्याची शरीराची हाकाटी. १९५७ मध्ये लंडनमध्ये आयझॅक्स आणि लिंडेनमान यांनी ते शोधलं. चोर नाही, पण गावात रात्रभर 'चोर, चोर' चाललंय. आणि या मुलांपैकी अनेकांच्या बोटांवर, कानांच्या पाळ्यांवर थंडीत लाल-जांभळे सुजलेले चट्टे उठतात. म्हणजे इथेही त्वचा बोलतच होती.

२०१२ मध्ये यानिक क्रो यांच्या गटाने दाखवलं, की यातल्या काही मुलांमध्ये एडार-१ बिघडलेला आहे. काहींमध्ये तर नेमका तोच बिघाड, जो जपानमधल्या ठिपके आणि मेंदू दोन्हींचा त्रास असलेल्या रुग्णांमध्ये होता. आणि २०१६ मध्ये नागोयाच्याच डॉक्टरांनी लिहिलं, की ठिपक्यांचा आजार आणि हा मेंदूचा आजार ही एकाच बिघाडाची दोन रूपं आहेत.

मग कोडं सुटायची वेळ आली. यासाठी मला पोस्टकार्ड लागणार आहे. तुमच्यापैकी किती जणांनी पोस्टकार्ड पाहिलंय माहीत नाही, आजोबांना विचारा. पूर्वी कोणी वारल्याचं पत्र पाठवायचं झालं तर त्याचा कोपरा फाडून पाठवायचे. पोस्टमनच्या हातात फाटका कोपरा दिसला की पत्र वाचायच्या आधीच घरात रडारड सुरू. आणि लग्नपत्रिकेच्या कोपऱ्यांना हळद-कुंकवाची बोटं लागलेली असतात. आत काय लिहिलंय ते नंतर. कोपरा बघूनच कळतं, की हे आपल्याकडचं मंगल कार्य.

पेशीसुद्धा आरएनए वाचण्याआधी कोपरा बघते. सरळ, लांब, न अडखळता जुळलेली दुहेरी पट्टी ही बऱ्याच विषाणूंची खूण. तसं काही दिसलं की एमडीए-५ नावाचं प्रथिन त्या पट्टीवर ओळीने जाऊन बसतं आणि हाकाटी सुरू करतं. अडचण अशी, की आपल्या स्वतःच्या आरएनएतही अशा पट्ट्या तयार होतात. आपल्या डीएनएत अलू नावाचे तुकडे आहेत (अळूशी संबंध नाही, वडीही होत नाही). साधारण तीनशे अक्षरांचा एक तुकडा, आणि त्याच्या प्रती दहा लाखांहून जास्त; आपल्या एकूण डीएनएचा जवळपास दहावा भाग. एक सुलटा आणि एक उलटा अलू एकाच प्रतीत शेजारी आले की ते एकमेकांना चिकटतात. तयार झाली दुहेरी पट्टी. विषाणूसारखी दिसणारी, पण घरचीच.

एडार-१ यांच्याच कोपऱ्याला हळद-कुंकू लावतो. पट्टीत मध्ये मध्ये ए चा इनोसिन करतो, जोड्या सैल होतात, पट्टी अडखळते, एमडीए-५ ला बसायला सलग जागा मिळत नाही. म्हणजे १९८७ मध्ये बेडकाच्या अंड्यात जे दिसलं होतं, 'उलगडणं', तेच मुळात महत्त्वाचं होतं! शब्द बदलणं एडार-१ साठी दुय्यम. २०१५ मध्ये मेलबर्नच्या कार्ल वॉकली यांच्या गटाने याचा लख्ख पुरावा दिला. त्यांनी असे उंदीर बनवले ज्यांचा एडार-१ जागेवर आहे पण अक्षर बदलू शकत नाही. पिल्लं गर्भातच मेली, अपेक्षेप्रमाणे. मग त्याच उंदरांमधून एमडीए-५ सुद्धा काढलं. पिल्लं जन्मली, वाढली, धडधाकट म्हातारी झाली. म्हणजे अक्षर न बदलल्याने कोणी मरत नव्हतं. खोट्या हाकाटीने मरत होतं.

ता.क. म्हणून सांगतो, एमडीए-५ या नावातला 'एम' मेलॅनोमाचा आहे. त्वचेच्या रंगपेशींच्या कर्करोगावर काम करताना ते सापडलं म्हणून. या गोष्टीत आपण कुठूनही निघालो तरी त्वचेवरच येऊन आदळतो.

आता हे सगळं फक्त एका दुर्मीळ आजारापुरतं असतं तर मी एवढा वेळ घेतला नसता. पण सोरायसिस बघा. आपल्या ओळखीत एक तरी माणूस असतोच ज्याच्या कोपरावर, गुडघ्यावर खपल्यांचे चट्टे असतात आणि जो उन्हाळ्यातही पूर्ण बाह्यांचा शर्ट घालतो. २००९ मध्ये दिसून आलं की सोरायसिसच्या त्वचेत एलएल-३७ नावाचं प्रथिन आपल्याच मेलेल्या पेशींच्या आरएनएला कवटाळून त्याला रोगप्रतिकारक पेशींच्या आत नेतं, आणि तिथे तो परका समजला जातो. २०१८ मध्ये इस्रायलमधल्या संशोधकांना आढळलं की सोरायसिसच्या चट्ट्यांमध्ये ए चं इनोसिन होण्याचं प्रमाण निरोगी त्वचेपेक्षा कमी आहे. म्हणजे कुंकू न लागलेली पत्रं जास्त. २०२२ मध्ये स्टॅनफर्डच्या एका मोठ्या अभ्यासाने सोरायसिससकट अनेक दाहाच्या आजारांच्या आनुवंशिक धोक्याचा काही भाग याच बदलाशी जोडला. यावरून 'सोरायसिस म्हणजे एडारचा आजार' असं मात्र कोणी म्हणू नका. सोरायसिसला दहा धागे आहेत, हा त्यातला एक. पण या धाग्याचं दुसरं टोक आपल्याला माहीत आहे, हे विशेष.

आणि कोड? तिथेही एमडीए-५ चं जनुक हजर आहे. कोडाच्या रुग्णांच्या जनुकांचे मोठे अभ्यास झाले तेव्हा धोका वाढवणाऱ्या जागांच्या यादीत ते निघालं. ज्या हाकाटीचं आपण बोलतोय तिचा निरोप पेशीच्या आत पोचवणारी जेएके नावाची प्रथिनं आहेत. ती अडवणारी औषधं आता आलीत. आयकार्डी-गुतियेरच्या ३५ रुग्णांवर बॅरिसिटिनिब वापरल्याचे निष्कर्ष २०२० मध्ये आले, आणि त्यांच्या त्वचेवरच्या चट्ट्यांसकट अनेक त्रास कमी झाले. त्याच जातीतलं रुक्सोलिटिनिब हे मलम कोडासाठी २०२२ मध्ये अमेरिकेत मंजूर झालं. कोडात इंटरफेरॉनचा दुसरा भाऊबंद जास्त दंगा करतो, पण निरोप जातो याच प्रथिनांमार्फत. स्वस्त मात्र ते अजिबात नाही. आणि ही औषधं प्रतिकारशक्ती दाबतात, तेव्हा मेडिकलच्या दुकानातून स्वतःच्या मनाने काहीही आणायचं नाही. हे मी हसत सांगत नाहीये.

ठिपक्यांच्या आजारावर मात्र खात्रीचा इलाज अजून नाही. उन्हापासून जपा, एवढंच डॉक्टर सांगतात. जनुकाची तपासणी करता येते. तिचा उपयोग असा, की 'हे कोड नाही, हे पसरत सगळ्या अंगावर जाणार नाही, हे लागत नाही' एवढं त्या घराला ठामपणे सांगता येतं. आणि ज्या थोड्या मुलांमध्ये चालताना तोल जातोय, हातपाय ताठ होताहेत, त्यांच्या हातावरचे ठिपके बघून मेंदूच्या डॉक्टरला योग्य जनुक शोधायची दिशा मिळते. १९१० मध्ये तोयामांनी फक्त ठिपके लिहून ठेवले होते. आज त्याच ठिपक्यांवरून निदान होतंय.

एक प्रश्न नक्की येणार म्हणून आधीच उत्तर देतो. हा आजार आपल्याकडे असतो का? सर्वात जास्त नोंदी जपान, चीन आणि कोरियातल्या आहेत, पण भारतीय कुटुंबांच्या नोंदीही त्वचारोगाच्या नियतकालिकांत आलेल्या आहेत. त्यामुळे तुमच्या घरात कोणाच्या हातापायांवर लहानपणापासून असे गडद-फिके ठिपके असतील आणि आजीच्या हातावरही तसेच असतील, तर कुजबुज करण्याऐवजी त्वचेच्या डॉक्टरला दाखवा, आणि आजीलाही सोबत न्या. तिचा हात हा तुमच्या निदानातला निम्मा पुरावा आहे.

पुढच्या भागात इंटरफेरॉनची गोष्ट सविस्तर घेऊ, त्यात १९५७ च्या लंडनमधली कोंबडीची अंडी आहेत. बेडकाची झाली, आता कोंबडीची. चला, भेटू.